अज्ञान कोणाचे? शहरी वस्त्यांतील बालकुपोषणाच्या मीमांसेची चिकित्सा

१

शहरातल्या झोपडपट्टीतील लहान मुले कुपोषित का राहतात, ह्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याकडे तयार असते. आरोग्य केंद्राच्या भिंतीवरील भित्तिपत्रकात ते असते, पोषण महिन्यातल्या भाषणात ते असते आणि परीक्षेच्या मार्गदर्शकात 'कारणे लिहा' ह्या प्रश्नाखालीही ते असते. मातेचे अज्ञान, अंधश्रद्धा, घरातील व्यसन, अपत्यांची संख्या, आणि यादी लांबलीच तर शेवटी गरिबी. क्रम सहसा हाच. मी महाविद्यालयात शिकवते. माझ्या वर्गातली, स्वतः वस्तीतून आलेली मुलेमुलीही हीच यादी ह्याच क्रमाने लिहून देतात आणि त्यांना गुण मिळतात. ज्या आईच्या हातचे खाऊन ती वाढली, तिलाच त्यांनी उत्तरपत्रिकेत आरोपी केलेले असते.

ह्या यादीतील पहिल्या शब्दाची चिकित्सा करणे हा ह्या लेखाचा हेतू आहे. माझे म्हणणे असे की, बालकुपोषणाच्या चर्चेत 'अज्ञान' हा शब्द आज जे काम करतो, ते काम पूर्वी 'कर्म' हा शब्द करीत असे. तुझ्या दुःखाचे कारण तुझ्याच ठायी आहे, व्यवस्थेकडे बोट दाखवू नकोस, असे कर्मविपाकाचा सिद्धांत शोषितांना सांगत आला. अज्ञानाचा सिद्धांतही तेच सांगतो. फरक एवढाच की पहिल्यावर पोथीचा शिक्का होता, दुसऱ्यावर अहवालाचा आहे. आणि पहिल्यात दोष मागच्या जन्मीच्या जिवाचा होता, दुसऱ्यात तो ह्या जन्मीच्या बाईचा आहे.

ज्ञानाला महत्त्व नाही, असे मला म्हणायचे नाही. 'शिका' हा ज्यांचा पहिला आदेश, त्यांच्या अनुयायांना तसे म्हणताच येणार नाही. प्रश्न असा आहे की, वस्तीतल्या आईला जे ठाऊक आहे ते अंमलात आणण्याची साधने तिच्या हाती आहेत काय? आणि ती नसतील तर अज्ञानी कोणाला म्हणायचे?

२

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कुपोषण म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मेळघाट येतो, जव्हार-मोखाडा येते. ते दुःख खरेच आहे. परंतु त्यामुळे कुपोषण ही दूरच्या डोंगरातली, रानातली गोष्ट आहे, अशी पांढरपेशा मनाची सोय झाली. आपल्या घराच्या मोरीत भांडी घासणाऱ्या बाईचे मूल त्या चित्रात बसत नाही.

आकडे काय सांगतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुरटलेली आहेत. ग्रामीण भागात हे प्रमाण ३७.३ टक्के, शहरी भागात ३०.१ टक्के. ज्या शहरात मोठी इस्पितळे आहेत, बाजार आहेत, दूध आहे, त्या शहरातली दहातली तीन मुले खुरटलेली आहेत. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, म्हणजे लुकडी मुले शहरात १८.५ टक्के आणि ग्रामीण भागात १९.५ टक्के आहेत. येथे तर गाव आणि शहर ह्यांत जवळजवळ फरकच उरत नाही. महाराष्ट्राचे चित्र अधिक वाईट आहे. राज्यातील लुकड्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत २५.६ टक्के होते. पाचव्या फेरीतही ते २५.६ टक्केच राहिले, आणि त्यांपैकी अतितीव्र मुलांचे प्रमाण ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेले. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याची ही प्रगती.

शिवाय शहरी सरासरी ही मोठी फसवी चीज आहे. तिच्यात टॉवरमधले मूल आणि टॉवरच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या झोपडीतले मूल एकत्र मोजले जाते. सरासरी काढल्याने वरचा थोडा खाली येतो, पण खालचा मात्र पार दिसेनासा होतो.

जातीचा हिशेब पाहिला तर अनुसूचित जातींतील सुमारे ३९ टक्के, अनुसूचित जमातींतील सुमारे ४१ टक्के मुले खुरटलेली आहेत. ज्यांना ही बिरुदे नाहीत त्या 'इतर' वर्गात हेच प्रमाण सुमारे ३० टक्के आहे. अज्ञान हेच मुख्य कारण मानायचे तर ते जातवार वाटले गेले आहे, असे म्हणावे लागेल. आणि जे जातवार वाटले जाते ते बाईच्या डोक्यातून येत नाही, समाजरचनेतून येते.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. त्याच पाहणीत शाळेची पायरी न चढलेल्या मातांची ४६ टक्के मुले खुरटलेली आहेत आणि बारा किंवा अधिक वर्षे शिकलेल्या मातांची २६ टक्के. मग मातेचे शिक्षण हेच कारण नव्हे काय? परंतु शिक्षण म्हणजे काही आहारशास्त्राची माहिती नव्हे. बारावी शिकलेल्या मुलीचे लग्न उशिरा होते, तिला बरे काम मिळते, बऱ्या कामामुळे नळ असलेले घर मिळते, इस्पितळात डॉक्टरला उलट प्रश्न विचारण्याचे बळ मिळते. ह्या सगळ्याची गोळाबेरीज मुलाच्या उंचीत उतरते. आणि जी शिकली नाही ती का शिकली नाही, हा प्रश्न विचारला की 'अज्ञान' हे कारण राहत नाही, तोच एक परिणाम ठरतो.

आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा. सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्शातील घरांतही २३ टक्के मुले खुरटलेली आहेत. (सर्वांत गरीब पाचव्या हिश्शात ४६ टक्के.) सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले देशात अवघी ११.३ टक्के आहेत. म्हणजे ज्यांच्या घरात फ्रीज आहे अशाही पुष्कळांना ते जमलेले नाही. पण उच्चभ्रू सोसायटीच्या फाटकावर 'मातांनो, अज्ञान दूर करा' अशी पाटी मी कधी पाहिलेली नाही. अज्ञान सर्वांकडे असते, ते चिकटवले मात्र गरिबाला जाते.

३

आता कारणांकडे येऊ. ज्याची चर्चा सर्वांत कमी होते असे कारण वेळ हे आहे.

सहा महिन्यांनंतर आईचे दूध एकटे पुरत नाही. वरचे अन्न सुरू करावे लागते. एक ते दोन वर्षांच्या, अंगावर पिणाऱ्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ५५० कॅलरी मिळाव्या लागतात. पण त्याचे पोट एका वाटीएवढे. मोठ्या माणसासारखे दोन वेळा जेवून त्याचे भागत नाही. त्याला दिवसातून तीन-चार वेळा आणि मध्ये एकदोनदा, थोडे थोडे, मऊ पण घट्ट, तेलातुपाचा थेंब घातलेले भरवावे लागते. पातळ पेज दिली तर वाटी भरते, पोट भरते, मूल शांत होते. वाढत मात्र नाही. भरवणे हे काम आहे. एका वेळेला अर्धा तास लागतो. मूल तोंड फिरवते, थुंकते, खेळायला पळते. म्हणजे दिवसाचे दोन-अडीच तास, तेही दिवसभर विखुरलेले, एका मोठ्या माणसाने मुलाजवळ असले पाहिजे.

आता वस्तीतल्या बाईचा दिवस पाहा. पहाटे पाण्याची रांग. सातच्या आत पहिल्या घरच्या भांड्यांना हजर. चार घरे आटोपून परत येईपर्यंत दुपारचे दोन. पुन्हा संध्याकाळी दोन घरे. ज्या वेळात मुलाला तीनदा भरवायचे, त्याच वेळात ती दुसऱ्याच्या मुलाची ताटली घासत असते. कचरा वेचणारी, नाक्यावर उभी राहणारी, बांधकामावरची, सफाईची कंत्राटी कामगार ह्या सगळ्यांचे हेच.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांबरोबर वस्तीत हिंडताना एका बाईने मला अडवले. आम्ही आहाराचा तक्ता समजावून देत होतो. ती म्हणाली, "ताई, हे सगळं मला पाठ आहे. भरवायला घरी कोण आहे ते सांगा." तक्त्यात ह्याचे उत्तर नव्हते.

घरी कोण असते, ते मला माझ्याच घरावरून ठाऊक आहे. माझी आई चार घरची कामे करायची. मला आणि माझ्या पाठच्या भावाला सांभाळले ते थोरल्या बहिणीने. तिने त्यासाठी चौथीतून शाळा सोडली. नऊ वर्षांची ती, कडेवर वर्षाचे मूल. तिला जसे जमले तसे तिने भरवले. चहात बुडवलेली चपाती, वरणाचे पाणी. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला तेव्हा ती पुढच्या रांगेत होती. आज तिच्या मुलींच्या आरोग्य कार्डावर मातेचे शिक्षण 'चौथी' असे लिहिलेले आहे, आणि ते 'चौथी' पाहणीत अज्ञानाच्या रकान्यात मोजले जाईल. ज्या व्यवस्थेने तिच्याकडून पाळणाघराचे काम फुकट करून घेतले, तिच्यासाठी मात्र कुठल्याच पाहणीत रकाना नाही.

हा प्रश्न नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडलेली भूमिका अशी होती की, मातेला बाळंतपणाच्या आगेमागे विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने व मालकानेही उचलला पाहिजे. आजच्या कुठल्याही भित्तिपत्रकापेक्षा हे विवेचन पुढचे आहे. त्यात बाईच्या अक्कलहुशारीचा प्रश्नच नाही. तिच्या श्रमावर ज्यांचा नफा उभा आहे त्यांच्या जबाबदारीचा आहे. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. पण ज्या बाईचे 'आस्थापन' म्हणजे कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली मोरी, तिच्यापर्यंत हा कायदा पोचत नाही. दोन दिवस दांडी झाली की काम दुसरीला जाते. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याहप्त्याने. सहा महिने घरी बसून अंगावर पाजणे ह्या रकमेत कुणाला परवडेल?

४

दुसरे कारण पाणी आणि घाण.

मूल खाते तेवढे त्याच्या अंगी लागतेच असे नाही. गटाराच्या कडेला रांगणाऱ्या मुलाला वारंवार जुलाब होतात. जुलाब थांबले तरी आतड्याचे अस्तर झिजत जाते. अन्न शोषून घेण्याची त्याची शक्ती कमी होते. शरीर आलेल्या जंतूंशी झुंजण्यातच ताकद खर्च करते, वाढीला उरत नाही. ताप, जुलाब, खोकला आणि पुन्हा जुलाब, ह्या फेऱ्यात पहिली दोन वर्षे गेली की गेलेली उंची बहुधा परत येत नाही. म्हणून केवळ अन्नाच्या पाकिटाने कुपोषण हटत नाही. वाडग्याला खालून भोक असेल तर वरून किती ओतणार?

हे भोक कोणी पाडले? मुंबईचा एम-पूर्व विभाग पाहा. देवनारची कचराभूमी १९२७ सालापासूनची. महाडला चवदार तळ्याचा संगर झाला तेच हे वर्ष. पुढे १९७१ मध्ये शहराचा कत्तलखाना तेथे आला; शहराच्या पोटातून उठवलेल्या झोपडपट्ट्या तेथे आणून टाकल्या; अणुशक्ती केंद्राजवळची जनता कॉलनी १९७६ साली उठवून चित्ता कॅम्पला नेली; नंतर इस्पितळांचा जैविक कचरा जाळण्याची भट्टीही गोवंडीतच आली. शहराला जे जे नको ते ते पूर्वेला. वस्ती मुख्यतः मुसलमान आणि दलितांची. गावाने जसे गावकुसाबाहेर ठेवले तसे महानगरानेही ठेवले. कूस तेवढे नजरेला दिसत नाही. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्व विभागांत हाच विभाग तळाला होता, ह्यात नवल कसले?

पाण्याचा इतिहास तर मुद्दाम वाचण्यासारखा आहे. १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना नळ द्यायचा नाही, असे धोरण राज्य सरकारने १९९६ मध्ये घेतले. म्हणजे झोपडीच्या कागदावरील तारखेवरून तिच्यातल्या मुलाच्या तोंडचे पाणी ठरू लागले. मूल २००५ साली जन्मलेले असो की २०१०, त्याची तहान बेकायदा. पाणी हक्क समितीने न्यायालयात दाद मागितली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी अनधिकृत असली तरी माणसाचा पाण्याचा हक्क नाकारता येत नाही. महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण जाहीर केले ते २०२२ साली. मधल्या काळात किती मुले रांगायची चालू लागली, किती तेवढीही जगली नाहीत, ह्याचा हिशेब कुठल्या दप्तरात आहे? ड्रमच्या हिशेबाने विकत घेतलेले पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला जाते. हात धुण्याला ते उरत नाही. आणि मग भित्तिपत्रक सांगते: जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत.

चवदार तळ्यावर आपण पाण्यासाठी गेलो नव्हतो, माणूसपणासाठी गेलो होतो, हे खरे. पण आजच्या वस्तीत पाणी हेच पुन्हा माणूसपणाचे माप झाले आहे.

५

तिसरे कारण आईचे शरीर, आणि त्याला लागूनच ताटात काय पडू दिले जाते हे.

मुलाचे कुपोषण जन्मानंतर सुरू होत नाही. पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. रक्त नसलेल्या आईच्या पोटी कमी वजनाचे मूल जन्मते; ती मुलगी असेल तर खुरटत वाढते, लवकर लग्न होऊन लवकर आई होते, आणि तिचेही मूल तसेच. जमीन आणि वतन वारसाने मिळते हे आपण ऐकले होते; येथे भूक वारसाने मिळते. घरात सर्वांत शेवटी, खरवडीवर जेवणारी बाई ही ह्या वारशाची वाहक. ह्या ठिकाणी आपल्या घरातल्या पुरुषसत्तेकडेही डोळेझाक करता येणार नाही. मटणाचा चांगला तुकडा कोणाच्या ताटात जातो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

शासन काय देते? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी महिना पाच किलो धान्य ठरले. शहरी लोकसंख्येपैकी फार तर निम्मी ह्या कायद्याच्या कक्षेत. धान्य हवेच. पण तांदूळ-गव्हाने भूक भागते, वाढ भागत नाही. वाढीला डाळ लागते, तेल लागते, दूध-अंडी-मांस लागते. अंगणवाडीत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलामागे दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने द्यावीत असा नियम होता, आणि त्यासाठी केंद्राने २०१७ साली ठरवलेला दर होता आठ रुपये. आठ रुपयांत काय येते, ते प्रत्येक गृहिणी सांगेल. एक अंडेदेखील धड येत नाही. तीन वर्षांखालच्या, म्हणजे ज्यांना सर्वांत गरज आहे त्या मुलांना घरी पाकीट दिले जाते. चव नसलेले ते पीठ मूल खात नाही. वस्तीत ते शेळीपुढे गेलेले मी पाहिले आहे. त्याचवेळी कोपऱ्यावरच्या टपरीत पाच रुपयांना बिस्किटाचा नाहीतर तळलेल्या तिखट पट्ट्यांचा पुडा मिळतो. शिजवावा लागत नाही, गॅस लागत नाही, पाणी लागत नाही, आठ-नऊ वर्षांच्या बहिणीलाही फोडता येतो. ज्या घरात वेळ नाही, पाणी नाही, इंधन महाग आहे, त्या घरासाठीच जणू तो पुडा बनवलेला आहे. आई अज्ञानी आहे म्हणून तो येत नाही. तिच्या अडचणीचे बाजाराला अचूक ज्ञान आहे म्हणून येतो.

आणि स्वस्त प्रथिनांचे काय झाले? मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. दलित आणि मुसलमान वस्त्यांतले सर्वांत स्वस्त मांस त्याबरोबर बाजारातून गेले. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे द्यायचा निर्णय २०२३ साली झाला. त्याला धर्माच्या नावाने विरोध झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी काढून घेतला. हे शाळेतल्या मुलांचे झाले. पण सोवळ्याओवळ्याची सत्ता मुलाच्या ताटापर्यंत कशी पोचते, हे त्यावरून कळते. कोणी काय खाल्ले तर विटाळ होतो, हे ठरवणारा वर्ग बदललेला नाही. फरक इतकाच की पूर्वी तो आपल्या पंक्तीतून आपल्याला उठवीत असे, आता आपल्या ताटातला घास ठरवतो.

६

हे नियतकालिक साहित्याचेही आहे, म्हणून आपल्या साहित्याकडेही ह्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

भूक हा दलित साहित्याचा गाभा आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो आणि ते खरे आहे. अण्णा भाऊ साठे ह्यांच्या 'स्मशानातलं सोनं' ह्या कथेतला भीमा खाणीतले काम सुटल्यावर बायकापोरांसाठी प्रेते उकरतो. बेकारी माणसाला कोठवर नेते ते मुंबईच्या वेशीवर घडते. 'बलुतं' (१९७८) मध्ये दया पवारांनी कावाखान्यातल्या चिंध्या-कागद वेचणाऱ्या बायका मराठी साहित्यात आणल्या. शरणकुमार लिंबाळे ह्यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शेणातून निघालेल्या धान्याची भाकरी आहे. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या संस्कृतीला ह्या पुस्तकांनी तिचे उष्टे ताट दाखवले.

परंतु एक मर्यादा नोंदवली पाहिजे, आणि ती लेखकांचा दोष नाही, त्या साहित्यप्रकाराचीच आहे. आत्मकथन आठवणीपासून सुरू होते, आणि आठवण चारपाच वर्षांच्या पुढची असते. म्हणून आपल्या आत्मकथनांतली भूक ही बहुतेक शाळकरी मुलाची भूक आहे: डबा नसलेल्या, दुसऱ्याच्या भाकरीकडे पाहणाऱ्या मुलाची. ज्या वयात भूक शरीराची उंची आणि मेंदूची वाढ कायमची कापून नेते, ते पहिले हजार दिवस आत्मकथनात येऊच शकत नाहीत. शिवाय जे वाचले त्यांनी लिहिले. जे मूल दीड वर्षाचे असताना जुलाबाने गेले त्याचे आत्मकथन नाही. जे जगले पण दुसरीतच 'मठ्ठ' ठरून शाळेबाहेर पडले, त्याचेही नाही.

ही पोकळी काही अंशी भरली ती स्त्रियांनी. बेबी कांबळे ह्यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये बाळंतपणानंतर पोटात घालायला काही नसलेली बाई येते, आणि तिच्याबरोबर तिचे तान्हे मूल येते. मुलाची भूक आईच्या पोटातून सुरू होते, ही कार्यकारणाची साखळी तेथे उघडी पडते. कुपोषणाची मीमांसा म्हणूनही ते पुस्तक वाचले पाहिजे, असे मला वाटते. आमच्या समीक्षेने त्याच्यातली वेदना वाचली, त्यातले विश्लेषण पुरते वाचले नाही.

आणखी असे की, आपल्या साहित्यातली भूक रिकाम्या पोटाची आहे. आजच्या शहरी वस्तीतली भूक पुष्कळदा भरल्या पोटाची आहे. मूल रडत नाही. त्याच्या हातात रंगीत पुडा आहे. ते नुसते वाढत नाही. एक वर्षाचे मूल आठ-नऊ महिन्यांचे दिसते आणि शेजारपाजार म्हणतो, बारीक चणीचे आहे. ह्या मुक्या भुकेला आपल्या भाषेत अजून शब्द नाही. शिव्याशापाची, आक्रोशाची जी भाषा आपण कमावली ती येथे थोडी अपुरी पडते; कारण येथे ओरडणारे कोणी नाही, दंडाभोवती गुंडाळलेली एक पट्टी आहे आणि तिच्यावर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल रंग आहे. त्या लाल रंगाचे साहित्य अजून लिहायचे आहे. ते कदाचित अंगणवाडी सेविकेच्या वहीतून येईल, कदाचित थोरल्या बहिणीकडून.

७

म्हणून मीमांसा बदलली पाहिजे. 'आईला काय कळत नाही?' हा प्रश्न सोडून द्यावा. एक वर्षाच्या मुलाला दिवसातून चार वेळा भरवणारे मोठे माणूस घरात का नाही, त्याच्या वाटीतले पाणी कोठून आले, आणि त्याच्या ताटातले अंडे कोणी काढून घेतले, हे तीन प्रश्न विचारावेत. ह्या प्रश्नांची उत्तरे शोधताना कामाचे तास, मजुरी, पाळणाघर, नळ, गटार आणि सोवळे-ओवळे ह्या सर्वांकडे जावे लागते. अज्ञानाच्या उत्तराने ही वाट बंद होते. म्हणूनच ते उत्तर सत्तेला आवडते.

कार्यकर्त्यांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट ठोसपणे नोंदवून थांबते. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली तेव्हा त्यांतले शहरी झोपडपट्ट्यांसाठीचे प्रकल्प केवळ चार होते. शहर तेव्हापासूनच मागे ठेवलेले आहे. परंतु अन्नाच्या हक्काच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी आदेश दिला की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिला मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे, आणि झोपडपट्टीवासीयांनाही हा हक्क आहे. नवी अंगणवाडी काढताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम देण्यासही त्यात सांगितले आहे.

चाळीस मुले मोजायला पदवी लागत नाही. आपल्याकडे तर आता पदव्याही आहेत. पुढच्या सुटीत माझ्या वर्गातली मुले आहाराचा तक्ता घेऊन वस्तीत जाणार नाहीत. ती वही घेऊन जातील: मुलाचे वय, दंडाचा घेर, आई कामावर जाण्याची आणि परतण्याची वेळ, सांभाळायला कोण, पाणी कोठून. त्या यादीखाली वस्तीतल्या आयांच्या सह्या असतील, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे असतील, आणि अर्जावर तारीख असेल. तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत.